तशी काही तक्रार नाही

३ ऑक्टोबर, सकाळी सहा. ३८ अंश फॅरनहाइट. वारा वायव्येचा.
आजपासून रोजनिशी. रेनेचा आग्रह. म्हणाली, डॅड, मनातलं लिहून काढा, बरं वाटेल. रेने माझी मुलगी. सेंट क्लाउडला असते, दातांच्या डॉक्टरकडे हिशेब बघते आणि फोनवर काळजी करते. मनातलं असं माझ्याकडे काही नाही. हवामान लिहीन. चाळीस वर्षं क्रीमरीत दुधातलं फॅट तपासून वहीत लिहिलं, त्यामुळे नोंदी ठेवायची सवय आहे.
एक निर्णय झाला आहे, तो नोंदवतो. मी टॅमरॅक हाऊस या वृद्धाश्रमात राहायला जाणार. कारणं निव्वळ व्यवहाराची. सध्याची जागा हार्डवेअरच्या दुकानावर, सतरा पायऱ्या. हीटर जानेवारीत दगा देतो. टॅमरॅकमध्ये सगळं तळमजल्यावर, जेवण आयतं, हाताशी मदतनीस. माझी बायको आर्डिस तिथे चौदा महिने होती, त्यामुळे जागा ओळखीची. एवढंच.

५ ऑक्टोबर. ४४ अंश. ढगाळ.
टॅमरॅकला जाऊन आलो. आर्डिसचा एक निळा मोजा त्यांच्या धुलाईत राहिला असावा, तो बघायला. नव्हता. तिथली मदतनीस इफ्राह म्हणाली, मिस्टर ब्रेके, एप्रिलपासून तुम्ही हा मोजा किती वेळा शोधलात, मी मोजायचं सोडून दिलं. सापडला तर मी स्वतः आणून देते, पण गाडी जपून चालवा. आणि आलाच आहात तर सूप घ्या. मी म्हटलं, नको. म्हणाली, घ्या हो. मी म्हटलं, कशाला उगाच त्रास. तिने वाडगा पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, मुकाट्याने प्या.
ही मुलगी सोमालियातून आली त्याला सहा वर्षं झाली. इथली रीत तिने बरोबर उचलली आहे. आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की कशाला त्रास म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग घ्यायचं. पहिल्या झटक्याला हो म्हणणारा माणूस आमच्या चर्चमध्ये एकच होता, तो शिकागोचा होता.
आर्डिसची चौदा नंबरची खोली बंद आहे. रंग देणार आहेत म्हणे. वेळेवर होईल.

९ ऑक्टोबर. ४१ अंश.
काउंटीच्या ऑफिसात दीड तास. टॅमरॅकचा सगळा खर्च माझ्या पेन्शनमध्ये बसत नाही, म्हणून मेडिकेडचा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज. आर्डिसच्या वेळी मीच भरला होता, त्यामुळे अनुभव आहे. खोलीचं भाडं आणि जेवण पेन्शनमधून, देखभालीचा खर्च सरकारचा. अटी दोन. बँकेत तीन हजार डॉलरच्या वर शिल्लक नको. आणि काउंटीची नर्स घरी येऊन बघणार आणि या माणसाला रोजच्या कामांत मदत लागते, असं लिहून देणार.
दुसरी अट किरकोळ आहे. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, लागते ना मदत? मी म्हटलं, लागते असं नाही, पण कोणी केली तर नाही म्हणणार नाही. बाई पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. कामाचा ताण असावा.

१० ऑक्टोबर. पाऊस.
रेनेचा फोन. म्हणाली, टॅमरॅकच कशाला? माझ्या घरापासून पाच मिनिटांवर चांगली जागा आहे. मी म्हटलं, टॅमरॅकची कॉफी बरी असते. म्हणाली, डॅड, टॅमरॅकच्या कॉफीला मॉम गटाराचं पाणी म्हणायची. हे खरं आहे. मी म्हटलं, आता मशीन बदललंय. म्हणाली, तुम्हाला तिथे कशासाठी जायचंय ते मला कळतं, डॅड. मी म्हटलं, तळमजल्यासाठी.

१६ ऑक्टोबर. ३५ अंश. पहाटे गवतावर पहिला बर्फाचा थर.
बँकेत चार हजार शंभर निघाले. म्हणजे अकराशे जास्त. रेने म्हणाली, उडवा. आयुष्यात एकदा तरी उडवा, डॅड. नवा कोट घ्या. कोट आहे. १९८७ सालचा, पण आहे. आर्डिस असती तर तिने सुचवलं असतं. असो.
चौकशी केली, तर स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे आगाऊ भरले की ते शिलकीत धरत नाहीत. ताबडतोब अंत्यविधीवाल्यांकडे गेलो. एप्रिलमध्येही याच गृहस्थांनी सगळं बघितलं होतं. शांत माणूस. पेटीचे नमुने दाखवले. थडग्याच्या दगडावर माझं नाव आणि जन्मसाल आर्डिसच्या शेजारी आधीच कोरलेलं आहे, दुसरं साल तेवढं बाकी आहे. म्हणाले, एका वर्षात एकाच घरातलं दुसरं काम, म्हणून तुम्हाला सवलत देतो. मी पहिल्यांदा नको म्हटलं, मग घेतली. खूश होऊन घरी आलो.
रेनेला कळवलं. म्हणाली, सवलत घेतलीत? पैसे संपवायला गेला होतात ना तुम्ही? अजून एकशे चाळीस जास्त.

१९ ऑक्टोबर.
आर्डिसच्या गाडीला पुढचे दोन टायर. कूपन होतं. अजून पस्तीस जास्त.

२१ ऑक्टोबर. रविवार.
रेने स्वतः गाडी घेऊन आली. चर्चनंतर मला जेवायला नेलं, दोघांना स्टेक मागवलं, घरी न्यायला अख्खा ॲपल पाय बांधून घेतला आणि बिल माझ्याकडे सरकवलं. असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. वेट्रेसही थबकली. पहिली अट पूर्ण.

२ नोव्हेंबर. २९ अंश.
जिन्यात पडलो. पडलो म्हणजे मोजण्यात चूक झाली. सतरा पायऱ्या, मी सोळा मोजल्या. कोपर. यापुढे मोठ्याने मोजणार.
पँटचा पट्टा सैल झाला आहे. जुनं चामडं ताणतं. खिळ्याने एक भोक पाडलं.

८ नोव्हेंबर. ३१ अंश. स्वच्छ.
आज नर्स आली. तयारीत कसूर ठेवली नव्हती. दोन दिवस घर आवरलं. दाढी, सूट, टाय. आर्डिसचा वॉकर कपाटात ठेवला. चाकं आखडू नयेत म्हणून तो मी घरातल्या घरात फिरवतो, पण ते सांगत बसायला नको. चर्चच्या विक्रीतून लिंबाच्या वड्या आणून ठेवल्या होत्या.
मिस बोड्रो. मूळची लुइझियानाची, इथे येऊन तीन महिने. मला ब्रेकेऐवजी मिस्टर हार्लन म्हणते. तिकडची पद्धत असावी. जिना चढून आली आणि म्हणाली, बाई गं, हा जिना तुम्ही रोज चढता? मी म्हटलं, चढतो आपला.
मग फॉर्म. मी पूर्ण मोकळेपणाने बोललो. काही लपवलं नाही. आंघोळीचं काय? मी म्हटलं, होते आपली. आमच्याकडे 'होते आपली' म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा समजतं की टबची कड गुडघ्याच्या वर आहे आणि माणूस एप्रिलपासून त्यात उतरलेला नाही. स्वयंपाक? मी म्हटलं, काहीतरी करून खातो. पडता का? मी म्हटलं, सांगण्यासारखं काही नाही. मग तिने सरळच विचारलं, रोज कोणी येऊन मदत केली तर चालेल का, मिस्टर हार्लन? मी म्हटलं, नको, कशाला कोणाला त्रास.
ती दुसऱ्यांदा विचारेल म्हणून मी कपाचा कान धरून थांबलो. तिने खूण केली आणि पान उलटलं.
बाहेरची असून समजूतदार बाई. माणसाला दोनदा विचारून अवघडवायचं नाही, बघूनच ओळखायचं, ही वेगळी समज आहे. चार वड्या खाल्ल्या. जाताना म्हणाली, तुमच्यासारखे लोक बघितले की बरं वाटतं. काम झालं.

२० नोव्हेंबर. १८ अंश. बर्फ तीन इंच.
पुस्तकं खोक्यांत भरली. आर्डिसची शिवणाची टोपली कुठे ठेवायची ते ठरवलं: चौदा नंबरमध्ये खिडकीच्या डाव्या हाताला, जिथे होती.
टॅमरॅकला जाऊन आलो. हॉलमधलं घड्याळ चार मिनिटं मागे पडतं, ते लावलं. चौदा नंबर अजून रिकामीच. बाहेरच्या खुर्चीत थोडा वेळ बसलो. इफ्राहने विचारलं, इथे का बसलात? मी म्हटलं, घड्याळ नीट चालतंय का बघतोय. घड्याळ त्या खुर्चीतून दिसत नाही, हे तिने दाखवून दिलं.

४ डिसेंबर. ९ अंश.
काउंटीचं पत्र. अर्जदार स्वच्छ, नीटनेटके, आनंदी. दैनंदिन कामं स्वतः करतात. मदत देऊ केली असता नाकारली. अर्ज नामंजूर.
कुठेतरी कारकुनी चूक झाली आहे.

५ डिसेंबर.
रेने फोनवर. वड्या? तुम्ही तिला वड्या खाऊ घातल्या? टाय लावला होतात? डॅड, ती बाई तुम्हाला मदत लागते का ते बघायला आली होती, तुम्ही तिची सरबराई केलीत! मी म्हटलं, घरी आलेल्या माणसाला काय उपाशी ठेवायचं? म्हणाली, आणि मदत हवी का विचारल्यावर नको म्हणालात? मी म्हटलं, एकदाच म्हटलं. तिने पुढे विचारलंच नाही. रेने म्हणाली, अरे देवा. मग म्हणाली, ती लुइझियानाची आहे, डॅड. तिच्याकडे माणसं भूक लागली की जेवायला मागतात.
मला हे माहीत नव्हतं. पुन्हा तपासणीचा अर्ज केला. यावेळी चूक होणार नाही.

२५ डिसेंबर. उणे ४.
रेनेकडे. लुटफिस्क हा नाताळचा मासा बेताचा. आर्डिसचा विषय कोणी काढला नाही, हे बरं केलं. सगळे वागले चांगले. रेने म्हणाली, रडलात तरी चालेल, डॅड. मी म्हटलं, लोणी इकडे दे.

९ जानेवारी. उणे १२.
व्हर्जिल आला होता. क्रीमरीतला जुना सोबती. दोन्ही गुडघे बदललेले. रेनेने त्याला फोन केला असावा. म्हणाला, मी नर्स, तू हार्लन. चल. आंघोळ जमते का?
मी म्हटलं, हळूहळू जमते.
जमते म्हणू नकोस. जमत नाही म्हण.
मी म्हटलं, तसं अगदीच नाही असं नाही.
हार्लन, लेका, तुला ती खोली हवीय की नको?
मी दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं आणि मग मोठ्याने म्हटलं, जमत नाही. आवाज जरा वेगळाच आला. व्हर्जिल खिडकीबाहेर बघायला लागला. मीही. नंतर आम्ही मक्याच्या भावावर बोललो. जाताना मी विचारलं, तुला कोणी विचारलं तर तू काय सांगशील? म्हणाला, मला काय धाड भरलीय.
तरी सराव चांगला झाला. एक वाक्य पक्कं बसलं.

१७ जानेवारी. उणे १५. रात्रीत बर्फ सात इंच.
मिस बोड्रो पुन्हा आली. मी सूट घातला नाही. वॉकर खोलीच्या मधोमध उभा केला. वड्या नाहीत, फक्त कॉफी. आंघोळीचा प्रश्न आला आणि मी म्हटलं, जमत नाही. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, मागच्या वेळी का नाही सांगितलंत, मिस्टर हार्लन? मी म्हटलं, मागच्या वेळी तुम्ही एकदाच विचारलंत. तिला हसू आलं. मग तिने एकेक प्रश्न तीन-तीनदा विचारला. रेनेने तिलाही फोन केला असावा. जिना, मोजे, स्वयंपाक, सगळं सांगितलं. थकलो, पण काम फत्ते.
ती खाली गेली. पाच मिनिटांत चाकांचा आवाज. लुइझियानाचे टायर. गाडी बर्फात रुतलेली आणि ती ॲक्सेलरेटर दाबून आणखी खोल घालवत होती. आता हे खिडकीतून बघत उभं राहणं शक्य नव्हतं. आमच्याकडे कोणाचाच बाप ते करू शकला नसता. सतरा पायऱ्या उतरलो, फावडं घेतलं, चारही चाकं मोकळी केली, मागून धक्का दिला. निघाली. तिने खिडकीतून हात हलवला. मीही हलवला.
नंतर पदपथाशेजारच्या बर्फात थोडी विश्रांती घेतली. आकाश अगदी निळं होतं. उठण्याची घाई नव्हती. व्हर्जिल दुकानात खिळे घ्यायला आला, त्याने विचारलं, हार्लन, तू इथे काय करतोयस? मी म्हटलं, हातमोजा शोधतोय. दोन्ही हातमोजे हातात होते.

१८ जानेवारी.
व्हर्जिलने रेनेला सांगितलं की मी चाळीस मिनिटं पडून होतो. त्याच्याकडे घड्याळ नाही. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, नशीब. पायाच्या दोन बोटांना बधिरपणा. बोटं दहा आहेत.

२ फेब्रुवारी. उणे ९.
पत्र. मुलाखतीत अर्जदाराने अनेक अडचणी सांगितल्या. मात्र त्यानंतर लगेच अर्जदार विनासाहाय्य जिना उतरले, अर्धा तास बर्फ उपसला आणि मोटारगाडी ढकलली. नामंजूर.
तिने प्रामाणिकपणे लिहिलं आहे. शेवटी हाताने तळटीप: तुमचे फार आभार, मिस्टर हार्लन.
मोटार 'ढकलली' हे वाचून किंचित बरं वाटलं, हे नोंदवतो. आता राज्याच्या न्यायाधीशांपुढे अपील. फोनवर असतं. मी एकटा समर्थ आहे, रेनेने रजा काढण्याची गरज नाही, असं तिला कळवलं. ती म्हणाली, मी येतेय.

११ फेब्रुवारी. उणे २०.
हीटर बंद. दुकानदार म्हणाला, उद्या बघतो. खुर्चीत कोट घालून झोपलो. तसा मी खुर्चीतच झोपतो. पलंग दोघांसाठी घेतलेला आहे, एकट्याला उगाच मोठा होतो. पाठीला खुर्ची बरी.
पट्ट्याला तिसरं भोक.

१४ फेब्रुवारी.
टॅमरॅकला गेलो. कारण आठवलं नाही. इफ्राहनेही विचारलं नाही. सूप टोमॅटोचं.

२१ फेब्रुवारी. ६ अंश. सकाळी दहाला सुनावणी.
रेने आदल्या संध्याकाळीच आली. फोन टेबलावर मधे ठेवला. न्यायाधीश बाई होत्या, आवाज थकलेला, पण सभ्य. खरं सांगीन अशी शपथ. मग विचारलं, मिस्टर ब्रेके, तुमची अडचण तुमच्या शब्दांत सांगा.
वाक्य पाठ होतं. पण अनोळखी बाई, त्यात न्यायाधीश, त्यांच्यापुढे सकाळी सकाळी माझं गाऱ्हाणं. मी म्हटलं, तुम्हाला आज बरीच कामं असतील. तशी काही तक्रार नाही.
रेनेने डोळे मिटले. मग म्हणाली, मॅडम, मी बोलू का? आणि ती बोलली. हे इथे लिहितो, कारण नोंद पूर्ण असावी. ती म्हणाली, मॉम गेल्यापासून डॅड टबमध्ये उतरलेले नाहीत, बेसिनपाशी उभं राहून ओल्या फडक्याने अंग पुसतात. तीस पौंड वजन उतरलंय. माझ्या माहितीत चार वेळा पडलेत, आणि माझ्या माहितीत म्हणजे शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून. रोज रात्रीचं जेवण म्हणजे क्रॅकर आणि लोणचं. गॅस चालू राहिला होता दोनदा. ते पलंगावर झोपत नाहीत. चालताना मॉमचा वॉकर वापरतात आणि विचारलं की चाकांना तेल देत होतो म्हणतात. ज्या बाईने हे सगळं नाकारलं, तिचीच गाडी काढताना ते बर्फात पडले आणि कोणाला हाक मारली नाही. शेजारी दुकान उघडं होतं, मॅडम. आतून माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. त्यांनी हाक मारली नाही. आणि रोज अकरा मैल गाडी चालवत टॅमरॅकला जातात आणि मॉमच्या खोलीसमोर बसतात.
न्यायाधीश म्हणाल्या, मिस्टर ब्रेके, तुमच्या मुलीने सांगितलं त्यात काही चुकीचं आहे का?
पोटच्या मुलीला चारचौघांत खोटं पाडणं बरं नव्हे. शिवाय शपथ होती. मी म्हटलं, अकरा मैल नाही. दहा पूर्णांक आठ दशांश.
त्या म्हणाल्या, नोंद घेतली.
रेने बाथरूममध्ये गेली आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. मी टबची कड मोजून ठेवली होती, तेवीस इंच, ते सांगायचं राहिलं. एकूण मला वाटतं माझी बाजू मी बरी मांडली.

६ मार्च. ३१ अंश. छतावरून पाणी गळतंय.
मंजूर! पत्र तीनदा वाचलं. न्यायचं सामान: टेबल, खुर्ची, शिवणाची टोपली, रेडिओ. पलंग नको, तिथे एकट्याचा असतो. व्हर्जिलने ट्रक देऊ केला. मी नको म्हटलं. उद्या टॅमरॅकला जाऊन तारीख ठरवतो. घाई कसली नाही, पण गुरुवार बरा.

७ मार्च. ३३ अंश.
टॅमरॅकला मेडिकेडवरच्या माणसांसाठी मोजक्या खोल्या ठेवतात. आर्डिसची त्यांतलीच एक होती. त्या सगळ्या भरल्या आहेत आणि चौदा नंबर आता स्वखर्चाने राहणाऱ्यांना देतात. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, यादीत तुमचं नाव घालते, पुढे अकरा जण आहेत. दोन वर्षं धरा. किंवा जास्त. म्हणाल्या, मला फार वाईट वाटतं, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल. मी म्हटलं, अहो काहीच हरकत नाही.
हॉलमध्ये आलो तर चौदाचं दार उघडं. सरोवराकाठच्या एक बाई राहायला आल्या होत्या. भिंती पिवळ्या. मुलगा सामान आणायला गेलेला आणि बाई एका हाताने काठी, दुसऱ्या हाताने मोठा दिवा धरून उभ्या. दिवा मी घेतला. कुठे ठेवू? म्हणाल्या, खिडकीच्या डाव्या हाताला. ठेवला. प्लग चाचपडावा लागला नाही, कुठे आहे ते माहीत होतं. म्हणाल्या, किती छान माणसं आहेत इथे, तुम्ही इथेच राहता का? मी म्हटलं, नाही, जाता जाता डोकावलो.
इफ्राह दारात उभी होती. माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली. कोट न घालता. मी म्हटलं, आत जा, गारठशील. ती गेली नाही.

९ मार्च.
रेने म्हणाली, माझ्याजवळची जागा मिळतेय. मंजुरी तिथेही चालते. आत्ता घेतली नाही तर तीही जाईल. प्रत्येक वेळी तुम्ही पडलात की नव्वद मैल गाडी मारणं मला झेपत नाही, डॅड. झेपत नाही, असं म्हणाली. सरळ. तिला ते कसं जमतं कोण जाणे.
मी विचार केला. तळमजल्याची अट तिथे पुरी होत नाही, पण लिफ्ट आहे. टॅमरॅकची यादी पुढे सरकेपर्यंत तात्पुरतं जायला हरकत नाही. हो म्हटलं. रेने म्हणाली, काय म्हणालात? मी म्हटलं, हो. म्हणाली, मी अजून दोनदा विचारायच्या तयारीत होते.

१९ मार्च. ३६ अंश. धुकं.
व्हर्जिल ट्रक घेऊन न विचारता आला. सामान चढवलं. पलंग त्याच्या भाचीला दिला. जाताना वाट वाकडी करून टॅमरॅकवरून नेऊ का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पेट्रोल कशाला जाळतोस. तो सरळ गेला.

२० मार्च, दुपारी तीन. सेंट क्लाउड. तापमान माहीत नाही, खिडकीला थर्मामीटर नाही.
खोली नंबर दोनशे सहा. समोर पार्किंग. रेने पडदे लावून कामावर गेली, सहाला येते म्हणाली. टबला दार आहे. जेवणात चिकन, गरम. वागायला सगळे चांगले.
एक मुलगी फॉर्म घेऊन आली. नवी असावी, पेन्सिलने भरत होती. नाव, जन्म, औषधं, चर्च. मदत कशात लागते? मी घडाघडा सांगितलं: आंघोळ, मोजे, जिना. तिने लिहून घेतलं. यात मुळीच त्रास झाला नाही. मग विचारलं, लग्न झालंय? मी म्हटलं, हो, सत्तावन्न वर्षं. वा, म्हणाली आणि खूण केली. मग म्हणाली, मिसेस ब्रेके जेवायला कोणत्या दिवशी येतील? आधी कळलं तर जास्तीचं ताट सांगून ठेवता येतं.
गावात हे कोणालाच सांगावं लागलं नव्हतं. तिथे सगळ्यांना माहीत होतं. टॅमरॅकला तर माझ्याआधी इफ्राहला कळलं होतं. इथे लिफ्टपासून भोजनगृहापर्यंत आर्डिसला ओळखणारं एकही माणूस नाही.
मी म्हटलं, ती वारली. एप्रिलमध्ये.
मुलगी म्हणाली, सॉरी. आणि खूण पुसायला खिशात खोडरबर शोधू लागली. तिला सापडेना. माझ्याकडे होतं, ते दिलं.